झेल्डाच्या जुन्या खेळाला चढवलेला रंग: ‘लिंक्स अवेकनिंग डीएक्स’ची खरोखर गरज होती का?

उत्तरकोकणी (धागालेखक)

‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’ हा खेळ १९९३ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आला. डिसेंबर १९९८ मध्ये त्याचीच रंगीत आवृत्ती ‘डीएक्स’ या नावाने निघाली आणि २०१९ साली स्विच या यंत्रासाठी तो पायापासून नव्याने बांधला गेला. नव्या बांधणीवर भरपूर लिहून झाले आहे, मधल्या रंगीत आवृत्तीचा विषय मात्र ‘तोच खेळ, रंगीत’ एवढ्यावर आटोपला जातो. रंग चढवताना नेमके काय केले गेले आणि काय टाळले गेले हे जरा बारकाईने पाहावे, म्हणून हा धागा काढला आहे. शेवट लपवून ही चर्चा करता येणार नाही, तेव्हा ज्यांना खेळ अजून पूर्ण करायचा आहे त्यांनी पुढचे जपून वाचावे.

आधी व्यवहाराचे बोलू. ऑक्टोबर १९९८ मध्ये गेम बॉय कलर जपानच्या बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी नवे खेळ थोडे होते, आणि जुन्या लोकप्रिय खेळांना रंग देऊन ती उणीव काही अंशी भरून काढली गेली. ‘टेट्रिस डीएक्स’ आणि पुढच्या वर्षीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’ ही त्याच काळातली अपत्ये. हा रंग दुकान भरण्यासाठी चढवला गेला हे म्हणूनच सरळ मान्य करावे. पण दुकान भरण्यासाठी केलेले काम वाईटच असते असे नाही, आणि इथे ते मुळीच वाईट झालेले नाही.

मूळ गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि त्यावर एकाच रंगाच्या चार छटा. कलरच्या पडद्यावर ठिपके तेवढेच, पण ३२,७६८ रंगांतून निवडलेले ५६ रंग एका वेळी दाखवण्याची सोय. ही सोय वाटेल तशी वापरता येत नाही. पार्श्वभूमी आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशा जोडून तयार होते, एका फरशीला चार रंगांचा एकच संच देता येतो, आणि पार्श्वभूमीसाठी असे संच आठच असतात. झाडाच्या फरशीच्या कोपऱ्यात गवत डोकावत असेल तर गवताचा रंगही झाडाच्या त्याच चार रंगांत बसवावा लागतो. वाळूत उभ्या असलेल्या झाडासाठी मग वेगळा संच खर्ची घालायचा, की तेच झाड वापरून वाळूचा मोह आवरायचा, असे हिशेब पावलोपावली करावे लागतात. पाच वर्षांपूर्वी करड्या छटांसाठी काढलेल्या चित्रांवर हा हिशेब बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा न उसवता अंगावर बसवण्यासारखे आहे.

माझा मुख्य मुद्दा मात्र रंगाचा नसून चौकटीचा आहे. खेळ ज्या कोहोलिंट बेटावर घडतो त्याचा नकाशा सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ पडद्यांचा आहे. प्रत्येक पडदा दहा चौकोन रुंद आणि आठ चौकोन उंच, खाली हृदये (उरलेला जीव), रुपी (खेळातले पैसे) आणि हाताशी असलेल्या दोन वस्तू दाखवणारी पट्टी. खेळाचा नायक लिंक काठाला लागला की पडदा सरकतो आणि पुढचे चित्र समोर येते. कुठली वाट अर्धीच दाखवायची, कुठला पेटारा खड्ड्यापलीकडे ठेवून खेळणाऱ्याला चुटपुट लावायची, हे सगळे त्या चौकटीच्या मापाने ठरवलेले आहे. डीएक्सने या चौकटीला हात लावला नाही. याउलट ‘मारिओ डिलक्स’मध्ये दूरदर्शन संचासाठी काढलेले २५६ ठिपके रुंदीचे चित्र १६० ठिपक्यांच्या पडद्यात कोंबले गेले, आणि समोरचा खड्डा दिसेपर्यंत उडी मारायची वेळ निघून जाऊ लागली. दोन्ही खेळांना रंगांची चैन तेवढीच मिळाली होती, फरक पडला तो चौकटीमुळे.

माझा आक्षेप आहे तो नव्याने घातलेल्या भुयाराला, म्हणजे ‘कलर डन्जन’ला. त्याच्या शेवटी परी लाल किंवा निळा अंगरखा देते. लाल अंगरख्याने वाराची ताकद दुप्पट होते, निळ्याने लागणारा मार निम्मा होतो. हे बक्षीस खेळाच्या पूर्वार्धातच हाती येऊ शकते आणि त्यानंतरचे बहुतेक मोठे शत्रू पाहता पाहता आडवे होतात. रंगाची ओळख करून देण्याच्या हौसेपायी खेळाचा तोल बिघडवला गेला असे मला वाटते. इतरांची मते वाचायला आवडतील.

सावरी

धागा आवडला, निष्कर्ष मात्र पटला नाही. रंग चढवण्याचे काम मुळीच वाईट झालेले नाही असे आपण म्हणता, पण हा खेळ कशाविषयी आहे याचा विचार आपल्या लेखात कुठेच येत नाही. कोहोलिंट हे बेट खरे नाही. डोंगरावरच्या अंड्यात झोपलेल्या वायुमत्स्याचे ते स्वप्न आहे, आणि आठ वाद्ये जमवून त्याला जागे केले की बेट, गाव, तिथली मारिन ही मुलगी, तिचे वडील टारिन, दुकानदार, मगर, कोंबड्या, सगळे नाहीसे होणार आहे. मुखवटा मंदिरातल्या भित्तिचित्रासमोर हे प्रथम कळते, आणि त्यानंतरही खेळाडूला तलवार उपसून पुढे जावे लागते, कारण दुसरा मार्गच नाही.

मी हे सारे चार छटांत पाहिले. त्या पडद्यावर वेगाने चालले की मागे छटांची शेपटी राहत असे आणि कडा विरघळत असत. बेट जणू पूर्ण उमटलेलेच नव्हते. डीएक्समध्ये मात्र वाळू पिवळी, समुद्र निळा, छपरे रंगीत. जागा ठाम उभी आहे आणि ती पुसली जाणार आहे याची कुणकुण लागत नाही. धागालेखकांनी मोजलेली चौकट शाबूत राहिली असेल, पण चित्राचा सूर बदलला.

शिवाय शेवटही बदलला आहे. एकदाही न मरता खेळ पूर्ण केला तर मूळ आवृत्तीत पंख लाभलेली मारिन उडत जाताना दिसते. डीएक्समध्ये आकाशात तिचा चेहरा दिसतो आणि एक सीगल (समुद्रपक्षी) उडून जातो. हा बदल करण्याची आवश्यकता काय होती, हे मला आजवर उमगलेले नाही.

चतुष्कोन

सावरीताई, विरघळणाऱ्या कडांविषयी आपण जे लिहिले ते वाचायला फार छान वाटले, पण त्या कडा विरघळत होत्या त्या द्रवस्फटिकाच्या (एलसीडी) पडद्याच्या संथपणामुळे. तशाच त्या ‘टेट्रिस’मध्येही विरघळत होत्या, आणि तिथे कोणी स्वप्न पाहत नव्हते.

खेळ कसा जन्मला हे लक्षात घेतले तर करडेपणाला कथेशी जोडणे कठीण होते. काझुआकी मोरिता या प्रोग्रामरने गेम बॉयवर झेल्डासारखे काही जमते का हे पाहण्यासाठी मोकळ्या वेळात प्रयोग सुरू केला, कामाचे तास संपल्यावर इतर सहकारी त्यात सामील झाले, आणि १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’सारखा खेळ हातात मावेल का या विचारातून पुढे रीतसर प्रकल्प उभा राहिला. दिग्दर्शक ताकाशी तेझुका यांनी या सुरुवातीची तुलना शाळा सुटल्यावरच्या क्लबशी केलेली आहे. ‘अ लिंक टू द पास्ट’ रंगीत होता. या मंडळींच्या डोळ्यांपुढे असलेले बेट हिरवे-निळेच असणार. यंत्राला ते दाखवता येत नव्हते, इतकेच.

तरीही आपल्या म्हणण्यातला एक भाग मी मान्य करतो. चार छटांसाठी चित्र काढताना आकार ओळखू यावा म्हणून कडा जाड आणि गडद काढाव्या लागतात. रंग आल्यावर हे काम रंगच करू शकतो, पण डीएक्समध्ये चित्रे जुनीच असल्यामुळे त्या गडद कडा तशाच राहिल्या आणि आतली भरणी सपाट झाली. चित्रकथेच्या पानासारखे ते दिसते. मला ते आवडते, परंतु ते अपघाताने तसे झाले आहे हेही खरे.

मध्यमपदलोपी

चर्चा उच्च पातळीवर गेलेली असताना एक साधा अनुभव नोंदवतो. आमच्यासारख्यांनी हा खेळ गेम बॉयवर पाहिलाच नाही. आमच्या गल्लीत टीव्हीला जोडायची ‘कॅसेट’वाली यंत्रे होती आणि हातात धरायची म्हणजे विटा रचण्याची ‘ब्रिक गेम’; खरा गेम बॉय असे तो आखातातून किंवा अमेरिकेतून मामा-काका आलेल्या घरांत. डीएक्स मी पुढे सायबर कॅफेतल्या संगणकावर, इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) खेळलो. तिथे त्याचे रंग इतके भडक दिसले की गवत डोळ्यांत खुपत होते. त्यामुळे रंगाचे काम मुळीच वाईट झालेले नाही हे धागालेखकांचे म्हणणे वाचून थोडे आश्चर्य वाटले.

चतुष्कोन

मध्यमपदलोपी, आपल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यात आहे. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवा नव्हता. खिडकीपाशी किंवा ट्यूबलाइटखाली धरून, बाहेरून पडणाऱ्या उजेडात तो पाहावा लागे, आणि त्यावर कोणताही रंग किंचित फिका आणि मळकट उमटत असे. त्या काळच्या चित्रकारांनी हे गृहीत धरून मुद्दाम चढे रंग निवडले. तेच आकडे जसेच्या तसे संगणकाच्या उजळ पडद्यावर टाकले की भडकपणा येणारच. बहुतेक चांगल्या इम्युलेटरमध्ये रंगदुरुस्तीची सोय असते. ती चालू करून पाहिल्यास गवत पिवळसर-हिरवे आणि वाळू साधारण गोणपाटाच्या रंगाची दिसू लागते. डीएक्सच्या रंगांवर टीका करणाऱ्या पुष्कळ लोकांनी ते रंग ज्या पडद्यासाठी होते त्या पडद्यावर कधी पाहिलेलेच नसतात.

हॅलोजन

मला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही. मूळ खेळ अशा खेळाडूच्या दृष्टीने आदर्श होता, कारण त्यात काहीही रंगाने सांगितलेले नव्हते. जे ओळखायचे ते आकारावरून आणि छटेवरून. डीएक्सचा मुख्य खेळही माझ्यासाठी तितकाच सोपा आहे, आणि त्याचे कारण वर चतुष्कोन यांनी दिले आहेच: चित्रे जुनीच आहेत, म्हणून आकार बोलतात.

कलर डन्जन मात्र पूर्णपणे रंगांवर बेतलेले आहे. दारावरचे दोन सांगाडे रंगाविषयी विचारून मगच आत सोडतात. आत एके ठिकाणी कवचवाले प्राणी आहेत. तलवारीचा वार बसला की ते गोळा होऊन पडतात, मग त्यांना उचलून ज्याच्या-त्याच्या रंगाच्या खड्ड्यात टाकायचे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग. निळा मला कळतो; उरलेले दोन मी अंदाजाने टाकत राहतो. हे भुयार ऐच्छिक आहे म्हणून तक्रार करीत नाही, परंतु रंगाने खेळात काय भर घातली या प्रश्नाचे एक उत्तर असेही आहे की त्याने एक दार माझ्यासाठी थोडे जड केले. त्याच दाराची गंमत अशी की डीएक्सची कॅसेट जुन्या गेम बॉयमध्ये घातली तर या भुयारात सर्वांनाच मज्जाव असतो, तिथे आम्ही सगळे एका रांगेत.

रानपाखरू

इथे सर्वांचे लक्ष रंगाकडे लागले आहे आणि खरा दोष सुटून जात आहे, असे मला वाटते. १९९३ च्या खेळात खेळाडूला सर्वाधिक त्रास कशाचा होत असे? करडेपणाचा नव्हे. गेम बॉयला कामाची बटणे दोन. तलवारसुद्धा त्या दोनांपैकी एकावर लावावी लागते. मग उडी मारायची तर पक्ष्याचे पीस लावा, दगड उचलायचा तर तलवार काढून कडे लावा, धावायचे तर बूट लावा, ढाल हवी तर आणखी काही काढा. एकाच खोलीत चार-चार वेळा वस्तूंची यादी उघडावी लागते. त्यात कडे हाताला नसताना चुकून एखाद्या दगडाला किंवा माठाला अंग लागले की ‘हे फार जड दिसते’ अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येतो, सावकाश अक्षरे उमटतात, आणि तो पुढे ढकलेपर्यंत खेळ थांबतो. दुसऱ्यांदा अंग लागले की पुन्हा तोच मजकूर. पाचव्या भुयारापर्यंत माणूस त्या दगडांपासून वाचत, अंग चोरून चालायला शिकतो.

पाच वर्षांनी खेळ पुन्हा हातात घेतला, कॅसेटची क्षमता ५१२ किलोबाइटवरून दुप्पट केली, रंग घातले, नवे भुयार खोदले, छायाचित्रे काढणारा उंदीर आणला, आणि हा मजकूर मात्र तसाच ठेवला! बटणे वाढवणे शक्य नव्हते हे समजते, पण मजकूर एकदा दाखवून पुन्हा न दाखवणे यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची आवश्यकता नव्हती. २०१९ मध्ये ग्रेझो या कंपनीने स्विचसाठी खेळ बांधताना तलवार, ढाल, कडे आणि बूट यांना कायमची बटणे दिली आणि हा जाच संपवला. पुनर्निर्मितीने जुन्या खेळाची दुखरी जागा शोधायची असते. त्या कसोटीवर डीएक्स नापास आहे आणि स्विचची आवृत्ती उत्तीर्ण.

उत्तरकोकणी (धागालेखक)

रानपाखरू, दगडांच्या मजकुराबद्दल आपल्याशी वाद नाही. विशेषतः शक्तीचा तुकडा किंवा संरक्षक बी (थोडा वेळ बळ देणाऱ्या वस्तू) हाती लागल्यावर प्रत्येक वेळी येणारा खुलासा हा त्याच जातीचा छळ आहे, आणि डीएक्समध्ये तो काढला असता तर कोणी हळहळले नसते.

परंतु स्विचच्या आवृत्तीने दुखऱ्या जागेबरोबर धड जागाही कापली. बेटाच्या नकाशावरचे पडद्यांचे काठ काढून टाकले आणि सगळीकडे सरळ, सलग चालता येऊ लागले. पडदा रुंद, त्यामुळे पूर्वी जे दोन चौकटींत वाटून दिसत असे ते आता एकदम दिसते. मूळ खेळात गावाबाहेरचे जंगल चक्रव्यूहासारखे वाटते, कारण पुढच्या चौकटीत काय आहे ते काठ ओलांडल्याशिवाय कळत नाही. नव्या आवृत्तीत झाडांच्या रांगेपलीकडचा पेटारा आधीच दिसतो आणि जंगल म्हणजे एखादी बाग होते. खेळण्यातल्या देखाव्यासारखे ते चकचकीत रूप आणि कडेचे धूसर चित्र मला सुंदर वाटते, हेही सांगून टाकतो. मात्र तो खेळ जुन्या नकाशावर बेतलेला दुसरा खेळ आहे. डीएक्स हा तोच खेळ आहे.

सावरीताईंनी शेवटाचा मुद्दा काढला. तो बदल मला मूळ शेवटाहून अधिक शहाणा वाटतो. किनाऱ्यावर बसून मारिन लिंकला सांगते की आपण सीगल असतो तर या बेटाबाहेर दूर उडून गेलो असतो. मग शेवटी सीगल उडाला की तिच्याच शब्दांची आठवण होते. पंख लावलेली मारिन पाहून मला एखाद्या शुभेच्छापत्राची आठवण होते. अर्थात हा बदल संपादनाचा आहे, त्याचे श्रेय रंगाला देता येणार नाही.

तळटीप

उंदराचा उल्लेख वर ओझरता आला, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण डीएक्समधली सर्वांत विलक्षण भर तीच आहे. या उंदराचे बेटावर छायाचित्रांचे दुकान आहे. खेळाच्या ओघात ठरावीक प्रसंगी तो अचानक उगवतो आणि लिंकचे छायाचित्र काढतो. अशी बारा छायाचित्रे जमतात. ती गेम बॉय प्रिंटर नावाच्या छोट्या यंत्रावर छापता येत असत. हा प्रिंटर उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदाच्या गुंडाळीवर छापतो, दुकानातल्या बिलासारखा. म्हणजे रंगीत आवृत्तीतून खेळाडूच्या हातात प्रत्यक्ष जी वस्तू येत असे ती करडीच होती, आणि काही वर्षांत ती फिकट होऊन पुसली जात असे. सावरीताईंना अभिप्रेत असलेले पुसले जाणारे बेट या कागदाच्या तुकड्यांवर होते, असे म्हटले तर चालेल.

या संग्रहाला एक काटाही आहे. एक छायाचित्र दुकानातून चोरी केल्याशिवाय मिळत नाही, आणि चोरी केली की त्यानंतर सगळे गाव खेळाडूला त्याच्या नावाने हाक मारण्याऐवजी ‘चोर’ म्हणू लागते, ते अखेरपर्यंत. दुकानात पुन्हा पाऊल टाकले तर दुकानदार जागीच ठार करतो. मारिनसोबतची काही छायाचित्रे वेळ निघून गेली की मिळतच नाहीत. ज्याला संग्रह पूर्ण करायचा त्याने बदनामी पत्करायची, अशी ही सौदेबाजी आहे. स्विचच्या आवृत्तीत उंदीर नाही. त्या जागी डॅम्पे नावाच्या म्हाताऱ्याची झोपडी आहे आणि तिथे खोल्या जोडून स्वतःची भुयारे रचायची. मला तो भाग शाळेच्या प्रकल्पासारखा वाटला.

चौकटीच्या मुद्द्याला दुजोरा देणारे एक उदाहरण. डिसेंबर २०२३ मध्ये डीएक्सचे संगणकावर चालणारे, चाहत्यांनी तयार केलेले रूप इंटरनेटवर आले होते. त्यात दृश्य मागे घेऊन एकाच वेळी बेटाचा मोठा भाग पाहता येई. निन्टेन्डोच्या हरकतीनंतर ते थोड्याच दिवसांत काढले गेले, पण त्याची चित्रफीत पाहताना जाणवले की हे बेट वरून पाहिले तर किती चिमुकले आहे. ते मोठे वाटायचे ते केवळ तुकड्यातुकड्याने दिसल्यामुळे.

अवांतर: मूळ खेळात पडदा सरकत असताना नेमक्या क्षणी सिलेक्ट बटण दाबले तर लिंक पुढच्या पडद्याच्या भलत्याच टोकाला पोहोचत असे आणि भिंतींपलीकडे जाता येत असे. डीएक्समध्ये ही त्रुटी बुजवली गेली. दुरुस्तीची यादी करताना रानपाखरू यांनी हे श्रेय डीएक्सला द्यायला हरकत नाही, जरी माझ्यासारख्यांना ते दुःखदायक वाटत असले तरी.

सावरी

सीगलबाबतचा खुलासा पटला. किनाऱ्यावरचा संवाद माझ्या मनात होता, पण तो शेवटाशी मी जोडला नव्हता. रंगाबाबत माझे मत कायम आहे. चित्रकारांच्या डोळ्यांपुढे हिरवे बेट असेलही, पण खेळाडूच्या हाती जे आले ते करडे होते आणि पाच वर्षे तेच खेळले गेले. कलाकृती म्हणजे करणाऱ्याचा हेतू नव्हे.

मला खटकते ते हे की मूळ आवृत्ती मिळणेच अवघड झाले आहे. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातातल्या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात २०११ पासून डीएक्स होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये स्विचच्या सभासदांसाठी गेम बॉयचे जुने खेळ उपलब्ध झाले त्यातही डीएक्सच. करडा खेळ अधिकृतपणे पुन्हा दिसला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘गेम अँड वॉच’ या छोट्या यंत्राच्या झेल्डा आवृत्तीत. रंगीत आवृत्ती चांगली की वाईट हा वाद ठीक आहे, पण ती मुळाच्या जागी बसवली गेली तर तो वाद करण्यासाठी दुसरी बाजू कुणी पाहिलेली तरी असेल का?

चतुष्कोन

सावरीताई, इथे डीएक्सची एक व्यवस्था आपल्या कामाची आहे. त्याची कॅसेट काळी आहे, आणि काळ्या कॅसेटी दोन्ही यंत्रांत चालतात. केवळ कलरसाठी असलेल्या कॅसेटी पारदर्शक असतात. काळ्या कॅसेटीच्या वरच्या कोपऱ्यात खाच असते, कारण जुन्या गेम बॉयचे चालू-बंद करण्याचे बटण सरकवले की आतली एक जीभ त्या खाचेत अडकते; पारदर्शक कॅसेटीला खाच नसते, म्हणून तिच्यावर जुने यंत्र सुरूच होत नाही. डीएक्सची काळी कॅसेट जुन्या गेम बॉयमध्ये घातली की तो चार छटांत चालतो, भुयार बंद राहते, बाकी सारे तेच. इम्युलेटरमध्येही यंत्र म्हणून जुना गेम बॉय निवडला तर असेच घडते. उंदीर आणि सीगल मात्र आपल्याला सहन करावे लागतील.

आणि खेळ जिथवर झाला त्याची नोंद कॅसेटीतच साठत असल्यामुळे ती दोन्ही यंत्रांत चालते. सारा खेळ करड्यात खेळून फक्त भुयारापुरते कलर यंत्र वापरणारे लोक मला माहीत आहेत.

मध्यमपदलोपी

हे वाचून एक व्यावहारिक शंका. माझी भाची अकरा वर्षांची आहे, तिला हा खेळ द्यायचा आहे. धागालेखक म्हणतात त्याप्रमाणे लाल अंगरखा मिळाला की गंमत जाते. तिला ते भुयार सापडू नये, निदान लवकर सापडू नये, यासाठी काय करावे? आणि जुन्या बाजारात एक काळी कॅसेट पाहिली आहे, ती घ्यावी का?

उत्तरकोकणी (धागालेखक)

भुयाराचे दार स्मशानातले थडग्यांचे दगड ठरावीक क्रमाने ढकलल्यावर उघडते. तो क्रम गावातल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक कपाटावर इतके उंच आहे की बूट घालून धावत जाऊन कपाटाला धडक दिल्याशिवाय खाली पडत नाही. बूट तिसऱ्या भुयारात मिळतात. क्रम आधीच ठाऊक असणाऱ्याला पुस्तकाची गरज नसते, म्हणून तिला कुणी सांगितले नाही तर ते आपोआप लांबणीवर पडते. सापडलेच तर निळा अंगरखा घ्यायला सुचवावे. त्याने मार कमी बसतो, पण शत्रू आपला पूर्ण वेळ घेऊनच पडतात. हॅलोजन यांचा प्रतिसाद लक्षात ठेवून तिला रंग नीट कळतात ना, तेही विचारून घ्यावे.

कॅसेटविषयी तळटीप अधिक सांगू शकतील.

तळटीप

घेण्याआधी ती चालू करून, खेळ साठवून, यंत्र बंद करून पुन्हा उघडून पाहावी. या कॅसेटींत नोंद टिकवण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी आत डाग देऊन बसवलेली असते आणि इतक्या वर्षांत बहुतेकींची संपलेली असते. बदलता येते, पण डाग देता येणारा माणूस हवा. साठवलेला खेळ काही मिनिटांनी उघडला म्हणून निर्धास्त होऊ नये, एक रात्र जाऊ द्यावी. नकली कॅसेटीही पुष्कळ फिरतात. कॅसेटीवर चिकटवलेल्या लेबलची छपाई पुसट असेल किंवा कवच काळे नसून राखाडी किंवा पारदर्शक असेल, तर ती डीएक्सची असली कॅसेट नाही.